वाचकांचे प्रश्न : डंडीच्या गिरणीवस्तीतलं एका खोलीचं घर

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या (1837 ते 1901) स्कॉटिश गिरणी कामगारांच्या घराबद्दल या वेळी बरेच प्रश्न आले. उत्तरांआधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. स्कॉटलंडमधली गिरणीची गावं एकसारखी नव्हती. पेस्लीत शिवणाचा दोरा, डनफर्मलिनला विणीतच नक्षी असलेलं लिननचं कापड, दमास्क, गॅलाशील्सला लोकरीचं ट्वीड. कामाला कोण जातं आणि घरी कोण उरतं, हे प्रत्येक गावात वेगळं. म्हणून खालची उत्तरं एकाच शहराची आहेत : टे नदीच्या मुखाशी वसलेलं डंडी. तिथे ताग कातला आणि विणला जाई, आणि गिरणीत बायकांची संख्या पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त असे. चूल, अंथरूण, जेवण, धुणं हे सगळं त्या बाईच्या भोंग्याच्या वेळेवर बसवलेलं होतं. हे एकदा ध्यानात आलं की तिथल्या घरातली प्रत्येक वस्तू जिथे आहे तिथे का आहे ते कळतं.

प्रश्न : आमच्या नाटकाचा दुसरा अंक 1880 च्या सुमारास गिरणी कामगाराच्या घरात घडतो. नेपथ्यात काय ठेवावं, काय टाळावं? (पुणे)

एकच खोली दाखवा. 1861 च्या जनगणनेत स्कॉटलंडमधल्या प्रत्येक घराला खिडकी असलेल्या खोल्या किती, असा प्रश्न होता. सुमारे एक तृतीयांश घरं एका खोलीची निघाली आणि त्याहून थोडी जास्त दोन खोल्यांची. एका खोलीच्या घराला तिकडे ‘सिंगल-एंड’ म्हणत, दोन खोल्यांच्या घराला ‘बट अँड बेन’.

इमारत दगडी, तीन-चार मजल्यांची. रस्त्यावरून आत जायला ‘क्लोज’ नावाचा अरुंद बोळ. तो मागच्या आवारात निघतो आणि जिनाही मागेच असतो. डंडीत जिन्यापासून घराच्या दारापर्यंत मागच्या भिंतीला धरून उघडी दगडी गॅलरी असे, तिला ‘प्लेटी’ म्हणत. आपल्या चाळीची गॅलरी डोळ्यांसमोर आणा. कपडे वाळवणं, पोरं सांभाळणं, भांडणं, गप्पा सगळं तिथेच. ग्लासगोच्या इमारतींत जिना आतून असतो, त्यामुळे ग्लासगोचे फोटो पाहून नेपथ्य केलंत तर ही प्लेटी हातची जाईल. डंडीची खूणच ती आहे, ती सोडू नका.

खोली रंगमंचावर साधारण 14 फूट बाय 12 फूट धरा. एका भिंतीच्या मधोमध चूल. 1880 ला ओतीव लोखंडाची ‘रेंज’ दाखवावी : मध्ये जाळ, एका बाजूला भट्टी, वर किटली. नाटक 1840 चं असतं तर उघडा जाळ आणि त्यावर भांडं टांगायला भिंतीत बसवलेला फिरता लोखंडी हात, ‘स्वे’, दाखवावा लागला असता. चुलीसमोरच्या भिंतीत कोनाडा आणि त्यात पलंग बसवलेला. पलंगाची पाटी जमिनीपासून अडीच-तीन फूट उंच ठेवा, ही उंची महत्त्वाची आहे. खाली चाकांचा बुटका पलंग ढकललेला असतो, ‘हर्ली’. रात्री तो बाहेर ओढायचा, मुलं त्यावर झोपायची. उरलेल्या जागेत ‘किस्ट’ म्हणजे लाकडी पेटी, घरातले सगळे चांगले कपडे तिच्यात. पलंग बुटका केलात तर हे दोन्ही मावणार नाही आणि पाच-सहा माणसं त्या खोलीत कशी राहत हे प्रेक्षकाला पटणार नाही. गादी भुशाची : ओटचं फोलपट जाड कापडात भरलेलं, दर वर्षी नव्या पिकाच्या वेळी बदललेलं.

खिडकीजवळ झाकणाची कोळशाची पेटी. झाकणावर बसताही येतं, पीठही मळता येतं. एक टेबल, दोन-तीन खुर्च्या किंवा स्टुलं, फळीवर चिनी मातीची थोडी भांडी, चुलीच्या वरच्या फळीला कापडी झालर. दिवा पॅराफिनचा. जेम्स यंगने 1850 मध्ये या तेलाचं पेटंट घेतल्यावर ते गरिबाघरी पोचलं. त्याआधीची माशाच्या तेलाची लोखंडी पणती 1880 मध्ये जुनी वाटेल.

पाण्याचा नळ खोलीत दाखवू नका. डंडीला लिंट्राथेन तलावाचं भरवशाचं पाणी 1870 च्या दशकात मिळालं, पण जुन्या इमारतींत नळ आवारात किंवा जिन्यावर सामाईक असे. दाराशी झाकण घातलेल्या दोन बादल्या ठेवा. गाद्यांच्या आरामखुर्च्या, पियानो, जाड पडदे हे मुकादमाच्या किंवा मालकाच्या घरचं सामान.

प्रश्न : नवरा-बायको दोघंही बारा तास गिरणीत असतील तर स्वयंपाक कोण करायचं? (ठाणे)

आधी तासांचा हिशेब. 1850 च्या कायद्याने कापड गिरण्यांत बायकांना आणि अल्पवयीन कामगारांना आठवड्याला 60 तासांची मर्यादा आली, 1874 च्या कायद्याने ती साडेछप्पन्न तासांवर आली. म्हणजे सोमवार ते शुक्रवार रोज 10 तास आणि शनिवारी साडेसहा. प्रत्यक्षात मात्र सकाळी सहाला आत आणि संध्याकाळी सहाला बाहेर, मध्ये न्याहारी आणि जेवणाच्या दोन सुट्ट्या. घरापासून दूर असणं बारा तासांचंच. भोंग्याला डंडीत ‘बमर’ म्हणत. तो पहाटेपासून ठरावीक वेळी वाजे आणि घड्याळ नसलेल्या घरात तेच घड्याळ.

आता ‘दोघंही’ या शब्दाबद्दल. डंडीत अनेक घरांत गिरणीत जाणारी एकटी बाईच असे. गिरण्या लहान मुलग्यांना कमी मजुरीवर घेत आणि मोठ्या माणसाची मजुरी द्यायची वेळ आली की काढून टाकत, कारण त्याच कामाला बाई स्वस्तात मिळे. मग तो पुरुष घरी किटलीला आधण ठेवून बायकोची वाट पाही. अशांना शहरात नावच पडलं होतं, ‘केटल-बायलर’. नावात हिणवणं आहे, पण दोष गिरणीच्या मजुरीचा होता, माणसाच्या आळसाचा नव्हता, हे लिहिताना विसरू नये.

घरात असा कोणी नसेल तर म्हातारी सासू-आई, शेजारीण किंवा शाळेतून अर्ध्या दिवसाने सुटलेली मोठी मुलगी. तेही नसेल तर स्वयंपाकच आखडायचा. दलिया शिजवायला अर्धा तास लागतो, न्याहारीच्या सुट्टीत घरी धावत येऊन परत जायचं तर तेवढा वेळ नाही. म्हणून पाव, चहा, लोणी किंवा जॅम यावर भागवलं जाई. डॉक्टरांनी तेव्हा तक्रार केली की बायकांनी पौष्टिक ओट सोडून चहा-पाव धरला. तक्रार खरी, पण कारण आवडीचं नव्हतं, घड्याळाचं होतं. मांस आणलंच तर थोडं, आणि ते कमावत्या माणसाच्या ताटात आधी. एरवी बटाटे, खारवलेले हेरिंग मासे, आणि जवाचे दाणे नि केल या कोबीसारख्या भाजीची पानं घातलेला पातळ रस्सा. रस्सा शनिवारी दुपारी चढवायचा आणि रविवारी तोच वाढायचा.

प्रश्न : स्कॉटिश पॉरिज घरी करून पाहिलं, लगदा झाला आणि गाठीही. काय चुकलं? (नागपूर)

बहुधा पाकिटातले चपटे ओट्स वापरलेत. ते आधीच वाफवून लाटलेले असतात, त्यांचा लगदाच होतो. त्या काळच्या घरात ओटचं जाडंभरडं पीठ असे, आपल्या बारीक लापशीच्या रव्यासारखं. हे पीठ ‘बोल’ या मापाने विकलं जाई आणि एक बोल म्हणजे 140 पौंड, साधारण साडेत्रेसष्ट किलो. घरात ते लाकडी पेटीत दाबून भरत, कारण सैल राहिलं तर हवा लागून त्याला खवट वास येतो.

एका माणसाला 60 ते 70 ग्रॅम भरड ओट आणि 600 मिलिलिटर पाणी. पाण्याला खळखळून उकळी आणा. डाव्या हाताच्या बोटांमधून पीठ पावसासारखं सोडत राहा आणि उजव्या हाताने सतत ढवळा. पीठ एकदम ओतलं की बाहेरचा थर लगेच फुगतो, आत पाणी जात नाही, तीच गाठ. ढवळायला पसरट डाव नको, गोल दांडा हवा. त्याला ‘स्पर्टल’ म्हणतात, आपल्याकडे रवीचा दांडा चालेल. पसरट डावाखाली पीठ दबतं. मग आच कमी करून 20 ते 30 मिनिटं रटरटू द्या, अधूनमधून तळ खरवडा. मीठ उतरवण्याआधी दहा मिनिटं. दूध वेगळ्या वाटीत थंड ठेवायचं आणि प्रत्येक चमचा त्यात बुडवून खायचा, वरून ओतायचं नाही. साखर त्या काळच्या कामगाराच्या वाडग्यात शोधू नका.

वेळ नसे तेव्हा ‘ब्रोज’. वाडग्यात दोन मुठी ओटपीठ, चिमूट मीठ, त्यावर उकळतं पाणी, ढवळा, झाकून दोन मिनिटं ठेवा, खा. पाणी नुसतं गरम असेल तर पीठ कच्चं राहतं आणि पोटात दुखतं. ते उकळतंच हवं.

प्रश्न : स्कॉटलंडमध्ये सुट्टीसाठी घेतलेल्या जुन्या दगडी घरात कोळशाची रेंज आहे. पेटवली तर सगळा धूर खोलीत आला. त्या बायका रोज पहाटे हे कसं करत? (एडिंबरा)

पहिल्यांदा, धुराडं या वर्षी साफ झालंय का हे मालकाला विचारल्याशिवाय पुन्हा पेटवू नका, आणि खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारं यंत्र चालू आहे ना ते बघा. तो भाग धूरबंदीच्या क्षेत्रात येत असेल तर बिनधुराचाच कोळसा चालतो.

धूर आत येण्याचं नेहमीचं कारण थंड धुराडं. आतला हवेचा स्तंभ थंड आणि जड असतो, तो धुराला वर जाऊ देत नाही. उपाय असा : वरची झडप पूर्ण उघडा, कागदाचा बोळा पेटवून धुराड्याच्या तोंडाशी धरा, आवाज येऊन ज्योत वर खेचली गेली की मग चूल पेटवा. आधी कालची राख खाली पाडून चाळायची. अर्धवट जळालेले खडे वेगळे काढून पुन्हा वापरायचे. त्या घरात एकही खडा फुकट जात नसे. जाळीवर सैल चुरगळलेला कागद, त्यावर बोटाएवढ्या काड्या आडव्या-उभ्या, त्यावर सुपारीएवढे कोळशाचे खडे. मोठे ढेकूळ आधी टाकलं की काड्या विझतात. जाळ धरत नसेल तर तोंडावर पत्रा धरून वरचा भाग झाकायचा, म्हणजे हवा खालूनच ओढली जाते. वर्तमानपत्र धरण्याचा प्रकारही होता, पण ते पेट घेतं, तुम्ही करू नका.

पहाटे पाचला उठून हे सगळं करायला वेळ कुठला? म्हणून रात्री जाळ विझवतच नसत, निखाऱ्यांवर ओलसर कोळसा-भुकटी आणि राखेचा थर देऊन दाबून ठेवत. सकाळी वरची साय फोडली की आत लाल निखारे मिळतात. भुकटी जास्त ओली झाली तर निखारे मरतात, आणि झडप पूर्ण बंद केली तर विषारी वायू खोलीत उतरतो. एकाच खोलीत सगळे झोपलेले असताना हा धोका फार मोठा होता.

प्रश्न : तागाच्या तेलाचा वास कपड्यांना येत असे असं वाचलं. ते कपडे कसे धूत? (औरंगाबाद)

वासाचं मूळ आधी सांगायला हवं. कच्चा ताग कोरडा आणि ठिसूळ, तसाच यंत्रात घातला तर तुटतो. तेल आणि पाणी शिंपडून तो मऊ करावा लागे. डंडी हे व्हेल शिकारीचं बंदर असल्यामुळे सुरुवातीला व्हेलचं तेल हाताशी होतं आणि 1830 च्या दशकात याच मेळातून तागाचं यांत्रिक सूत जमलं. पुढे खनिज तेल आलं. त्यात तागाची धूळ, तिला तिकडे ‘स्टूर’ म्हणत. तेल आणि स्टूर मिळून कपड्यात जी चिकट पुटं बसत ती साध्या पाण्याने हलत नाहीत. कातखात्यात ही घाण जास्त. साच्यावर विणणाऱ्या बायका स्वतःला वरच्या समजत, टोपी आणि हातमोजे घालून कामाला जात. कातणाऱ्या बायका डोक्यावरून शाल घेत. रस्त्यात कोण कुठल्या खात्यातली हे दुरूनच कळे.

धुण्याचं घर मागच्या आवारात सामाईक, प्रत्येक घराची पाळी ठरलेली, किल्ली हातोहात फिरे. आत विटांच्या बांधकामात बसवलेलं मोठं भांडं, खाली जाळ. रविवारी कामाला पूर्ण मनाई, त्यामुळे गिरणीतल्या बाईला संध्याकाळ किंवा शनिवार दुपार एवढंच उरे. पाळी चुकली की पुढच्या फेरीपर्यंत थांबायचं, म्हणून पाळीवरून होणारी भांडणं क्षुल्लक समजू नयेत.

कपडे आदल्या रात्री धुण्याच्या सोड्यात भिजवायचे, बादलीला साधारण एक मोठा चमचा. सोडा तेलाला फोडतो. दुसऱ्या दिवशी पिळून, किसलेला साबण घातलेल्या पाण्यात पांढरे सुती आणि लिननचे कपडे वीसेक मिनिटं उकळायचे, लाकडी दांड्याने खालीवर करायचे. लोकरीचा फ्लॅनेल यात कधीही टाकायचा नाही. उकळत्या सोड्याने तो आटून नमद्यासारखा होतो. त्याला कोमट साबणपाणीच. मग तीन पाण्यांतून काढणं, शेवटच्या पाण्यात नीळ. इथे एक चूक वारंवार होई : साबण किंवा सोडा पुरता निघाला नसेल आणि नीळ लोहाची, म्हणजे प्रशियन निळीची असेल, तर अल्कलीने ती फुटते आणि इस्त्री करताना पिवळे-तांबडे गंजाचे ठिपके उमटतात. अल्ट्रामरीन निळीने असं होत नाही. वाळत घालायला आवारातले लोखंडी खांब किंवा प्लेटीवरची दोरी.

प्रश्न : मुलांना खरंच अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस गिरणी असे? (सांगली)

हो, आणि कायद्यानेच. 1844 च्या कायद्याने आठ वर्षांचं मूल गिरणीत घेता येई, पण रोज साडेसहा तासच आणि उरलेल्या वेळात शाळा. वयाची ही अट 1874 च्या कायद्याने दहावर, 1891 च्या कायद्याने अकरावर आणि 1901 च्या कायद्याने बारावर गेली. 1872 मध्ये स्कॉटलंडमध्ये पाच ते तेरा वयाचं शिक्षण सक्तीचं झालं तरी ही अर्धवेळ मुलं राहिलीच. त्यांचं काम बहुतेक ‘शिफ्टिंग’ : भरलेली बाबीन काढून रिकामी बसवणं. मुकादमीण शिट्टी वाजवी, पोरं त्या साच्याकडे धावत. पुढे आफ्रिकेत धर्मप्रचारक म्हणून नाव झालेली मेरी स्लेसर 1859 मध्ये कुटुंबासह डंडीत आली आणि अकराव्या वर्षी अशीच अर्धवेळ कामाला लागली. तिची आई विणकरीण होती.

प्रश्न : हा ताग आपल्या बंगालचाच ना? (कोलकाता)

बंगालचाच. 400 पौंडांच्या दाबलेल्या गासड्या कलकत्त्याहून जहाजाने जात. क्रिमियाच्या युद्धात रशियाचा जवसाचा धागा, म्हणजे लिननचा कच्चा माल, अडला आणि अमेरिकेच्या यादवी युद्धात पोत्या-तंबूंची मागणी वाढली, त्यावर डंडी गबर झालं. डंडीच्या लॉकी भागातल्या कॅम्परडाउन गिरणीचं 282 फुटी धुराडं 1860 च्या दशकातलं, अजून उभं आहे. पण 1855 मध्ये हुगळीकाठी रिश्र्याला तागाची पहिली गिरणी निघाली, यंत्रं डंडीचीच आली. पाठोपाठ डंडीचे मुकादम आणि फिटर कलकत्त्याला आले आणि शतक संपण्याआधी कलकत्ता पुढे गेलं. डंडीला गेलात तर 1833 ची व्हर्डंट वर्क्स ही गिरणी पाहा, आता तिथे संग्रहालय आहे.

प्रश्न : नाटकात घर बदलण्याचा प्रसंग आहे. कोणत्या महिन्यात दाखवावा? (पुणे, पहिल्याच वाचकाचा पुढचा प्रश्न)

मे महिन्याच्या अखेरीस. घरं वर्षाच्या कराराने दिली जात आणि पुढच्या वर्षी राहायचं की नाही हे भाडेकरूला फेब्रुवारीच्या सुरुवातीला, कँडलमस या ख्रिस्ती सणाच्या सुमारास, ‘फॅक्टर’ला म्हणजे मालकाच्या कारभाऱ्याला सांगावं लागे. चार महिन्यांनी गिरणीत काम असेल की नसेल हे कोणालाच ठाऊक नसताना वर्षभराची जबाबदारी घ्यायची. भाडं थकलं तर मालकाचा हक्क थेट घरातल्या सामानावर पोचे. 1886 पासून कायद्याने सोडायचा दिवस 28 मे ठरला. त्या दिवशी रस्ते हातगाड्यांनी भरत. गाडीवर सर्वांत खाली किस्ट, त्यावर हर्ली पलंग उलटा, भुशाची गादी, टेबल पाय वर करून, आणि बाईच्या हातात किटली, दिव्याची काच कापडात गुंडाळून. नाटक 1880 चं असल्यामुळे ‘28 मे’ हा आकडा संवादात घालू नका, नुसतं ‘मे टर्म’ म्हणा. कोनाड्यातला मोठा पलंग मात्र गाडीवर चढवू नका. तो भिंतीत बसवलेला असतो, तो घराबरोबर मागेच राहतो.